वूफचा अर्थ आणि उगम

६ जानेवारी

कुत्रा इंग्रजीत काय म्हणतो, यावर आज शाळेत बैठक झाली. चहा दोनदा आला, बिस्किटं एकदाच.

झालं असं. गेल्या वर्षी नर्सरीच्या मुलाखतीत दोंडाईच्यातल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाला विचारलं, ‘व्हॉट डझ द डॉग से?’ तो म्हणाला, ‘बाव-वाव.’ आमच्या पुस्तकात ‘वूफ’ आहे. त्याला अर्धा गुण दिला. त्याची आई हे वर्षभर विसरलेली नाही. आता धाकटा मुलगा मुलाखतीला येतोय, म्हणून तिने अर्जच दिलाय — शाळेने कुत्र्याचं अधिकृत भुंकणं कोणतं ते आधी लेखी जाहीर करावं!

मला हसू आलं. बाकी कोणीच हसत नव्हतं, म्हणून खोकले.

प्रिन्सिपल कामिनी मॅडम म्हणाल्या, ‘वूफ इज स्टँडर्ड.’ गणिताचे पंडित सर म्हणाले, त्यांच्या मुलाच्या मोबाइलमधला कुत्रा ‘अर्फ अर्फ’ करतो. यावर बरीच चर्चा. शेवटी संस्थेचे दादासाहेब आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. ‘असं आहे,’ ते म्हणाले, ‘शाळा इंटरनॅशनल आहे. कुत्रापण त्याच लेव्हलचा पाहिजे.’

(शाळेच्या नावात इंटरनॅशनल आहे. शाळेची बस शिंदखेड्याच्या पुढे जात नाही.)

ठरलं — ‘वूफ’ या शब्दाचा अर्थ आणि उगम, एक पान, आधारासह. कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी एम. ए. इंग्लिश. शिवाय माझी नेमणुकीची ऑर्डर एप्रिलपर्यंतची. ज्याची ऑर्डर एप्रिलपर्यंतची असते त्याला सगळं येतं.

८ जानेवारी

शब्दकोश उघडला. वूफ — कुत्र्याचं भुंकणं. उगम — अनुकरणात्मक. बस!

एवढंच कसं असेल? दुसरा कोश पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच. छापलेला वापर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. म्हणजे कोण्या साहेबाने अंगणात आपला कुत्रा ऐकला, आत येऊन जसं ऐकू आलं तसं लिहिलं, आणि कोणी त्याला विचारलं नाही की बाबा, तू नीट ऐकलंस का? मी ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग आजही तीनदा तपासते. घरातली पहिली शिकलेली म्हणून मला वाटायचं, इंग्रजी शब्दांच्या मुळाशी कायतरी पक्कं असेल. लॅटिन वगैरे. खणत गेले तर तळाशी एक कुत्रा बसलेला.

त्यात आणखी घोळ. त्याच स्पेलिंगचा दुसरा एक शब्द आहे — कापडातला आडवा धागा. तो फार जुना, आणि त्याचा कुत्र्याशी काहीच संबंध नाही. टिपणात घालावा का? घातला तर दादासाहेब विचारतील, कुत्र्याचं आणि कापडाचं काय? आणि तक्रार तर कापड दुकानदाराचीच!

अजून एक. ‘बाव-वाव’ हा ‘वूफ’पेक्षा दोन-अडीचशे वर्षांनी जुना निघाला. म्हणजे सेवाज्येष्ठतेने बाव-वाव पुढे. दुकानदारीणबाई बरोबर आहेत. हे लिहिलं तर माझी ऑर्डर एप्रिलपर्यंतही टिकायची नाही.

९ जानेवारी

एक गंमत सापडली. पूर्वी काही विद्वानांचं म्हणणं होतं, माणसाची भाषाच मुळात अशी आवाजांची नक्कल करत सुरू झाली. दुसऱ्या एका विद्वानाने त्यांची टर उडवायला या मताचं नाव ठेवलं — बाव-वाव! शिकलेली माणसं एकमेकांवर अशी भुंकतात हे वाचून बरं वाटलं. आमच्या स्टाफरूममध्ये काही नवीन नाही.

संध्याकाळी फाट्यावर उतरले आणि वावराकडून आबा ऐकू आले.

आबा म्हणजे माझे वडील, कौतिक. पोळ्यानंतर गेले. आवाज भोंग्यातला आहे.

आमचा कुत्रा टिप्या बिबट्याने नेला, त्याला आता दीड वर्ष झालं. माझा भाऊ भूपेंद्र म्हणाला, दुसरा आणू. आबा म्हणाले, ‘दुसरं कुत्रं कसाले? बिबट्याले डबा धाडना शे का?’ पण मक्यात रानडुकरं तर येणारच. मग त्यांनी शिंदखेड्याच्या बाजारातून एक भोंगा आणला. लाल-पांढरा, बॅटरीचा. बटण दाबून बोलायचं, मग तो तेच तेच बोलत राहतो. लोक त्यात ‘हो हो’ असं ओरडतात. आबा खळ्यात उभे राहिले, टोपी काढून खाटेवर ठेवली, आणि मनापासून भुंकले. भूऽ भूऽ. मग ठसका लागला. मग, ‘कोन शे रे तठे?’ मग पुन्हा भूऽ. ठसका काढायला परत भरू म्हटलं तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, डुकराले काय समजस?

डुकरांना समजलं. गेल्या वर्षी एक कणीस गेलं नाही.

आबा गेले, भोंगा राहिला. शेजारचे झिपरू नाना म्हणतात, ‘कौतिक जिता व्हता तवय इतलं बोले नही. आते पहा, बोलीच राह्यना!’ सगळे हसतात. आम्हीपण.

दिवेलागणीला माय तो सुरू करते. पहिल्यांदा ‘कोन शे रे तठे?’ आलं की ती चुलीपाशी जाता जाता उत्तर देते, ‘मी शे. दुसरं कोन ऱ्हाई?’ रोज. फक्त पहिल्यांदा.

१४ जानेवारी

संक्रांत. भाऊने तिळगुळाबरोबर त्याच्या मुलीचा, मोहिनीचा फॉर्म माझ्या हातात दिला. आमच्याच शाळेचा. नर्सरी. मुलाखत एकतीसला.

मी म्हटलं, भाऊ, मी तिथे शिकवते, प्रश्न मीच काढलेत, हे बरं दिसतं का? तो म्हणाला, ‘म्हनीसन तं तठे टाकी राह्यनू ना!’  नंतर भांडी घासताना मयुरीवहिनी म्हणाली, ‘दिपाताई, तुम्हाला धुळ्याला जे झालं ते हिला नको.’

धुळ्याला काय झालं होतं? काही नाही. कॉलेजचा पहिला दिवस, हजेरी. माझं नाव आलं, मी उभी राहिले आणि ‘इथे आहे’ म्हणायच्या ऐवजी तोंडातून घरच्या बोलीत निघालं, ‘आठे शे!’ वर्ग फुटला. त्यानंतर शेवटपर्यंत माझं नाव आठेशे. ‘आठेशे, नोट्स दे.’ ‘आठेशे, चहा घेणार?’ एका सरांनी तर दाखल्यावर सही करताना विचारलं, खरं आडनाव काय?

मोहिनीला तसलं नाव पडता कामा नये. पावणेचार वर्षांची आहे. आत्ता कान आहेत, आत्ताच वळतील. फॉर्म घेतला.

१६ जानेवारी

झोप लागेना, म्हणून लेखीच दिलं — ‘उमेदवार कुमारी मोहिनी ही माझी सख्खी भाची असून प्रश्नावली मी तयार केली आहे, तरी मला या प्रक्रियेतून दूर ठेवावे.’

भाची की पुतणी — काय लिहायचं यावरच अर्धा तास गेला होता. भावाची मुलगी. मला ती भाची, हो, आम्ही भाचीच म्हणतो. ऑफिसात पुस्तकी मराठीवाल्या क्लार्कने विचारलंच.

कामिनी मॅडमनी कागद वाचला. परत वाचला. मग घडी घालून माझ्याच पर्समध्ये ठेवला. ‘दिपमाला मॅडम, असं लेखी देत नका जाऊ. मग फाईल उघडावी लागते. दादासाहेबांच्या बहिणीचे दोन नातू आहेत यंदा. त्यांचीपण उघडू का?’

घरी शिकवू ना मग तिला? — मी विचारलं.

‘नाहीतर काय आभाळातून शिकून येतात सगळे?’

१८ जानेवारी

शिकवणी सुरू. खळ्यात, पुस्तक घेऊन. गाय — मू. ठीक. मांजर — म्याव. ठीक. बदक तिने पाहिलेलं नाही, तरी क्वॅक म्हणाली. पाठ आहे.

‘व्हॉट डझ द डॉग से?’

मोहिनीने फ्रॉक सारखा केला. उभी राहिली. भूऽ भूऽ. मग हुबेहूब तो ठसका. मग कमरेवर हात ठेवून, ‘कोन शे रे तठे?’ मग भूऽ.

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाली. मी हसले, मग घाबरले. हे तिने तिथे केलं तर? दादासाहेबांसमोर? आठेशे परवडलं असतं.

म्हटलं, ‘नो. डॉग सेज वूफ.’

‘नही. कुत्रा म्हनस, कोन शे रे तठे.’

‘मोहिनी, तो कुत्रा नाही. ते आबा आहेत.’

तिला हे मुळीच पटलं नाही. गावातली कुत्री नुसती भुंकतात. बोलतं ते एकच. मग तिने विचारलं, ‘आबा चुकना का?’

आबा बरोबर, शाळेत वूफ — असं काहीतरी मी म्हटलं. पावणेचार वर्षांच्या मुलीला दोन बरोबर कशी देणार? ती गेली खडे वेचायला. मी बसून राहिले आणि एक गोष्ट सुचली — तीन कोशांत ‘वूफ’चा अर्थ ‘भुंकणं’ एवढाच आहे. कुत्रा म्हणतो काय, ते एकानेही दिलेलं नाही. मोहिनीने दिलंय. कोण आहे रे तिथे! दुसरं काय म्हणत असेल तो?

टिपणात हे घालता येणार नाही. आधार विचारतील.

२१ जानेवारी

टिपण सादर केलं. सगळं खरं लिहिलं, बाव-वावची ज्येष्ठतासुद्धा. 

दादासाहेब ‘अनुकरणात्मक’पाशी अडकले. ‘म्हणजे?’

‘म्हणजे कुत्र्याच्या आवाजाची नक्कल करून केलेला शब्द.’

‘नक्कल?’ त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या डोक्यामागे फ्लेक्स होता — कॉपीमुक्त शाळा, आमचा अभिमान. ‘मॅडम, आपण पालकांना लेखी देणार की हा शब्द कॉपी करून आलाय?’

पंडित सर मदतीला धावले. ‘अहो, पण साहेब, कॉपी कुत्र्याची आहे.’

‘कोणाची का असेना!’

शेवटी दादासाहेबांनी स्वतःच्या पेनने सुधारलं. अर्थ — कुत्र्याचे इंग्रजी भुंकणे. उगम — इंग्लंड. बाव-वाव काट मारून गेलं. कामिनी मॅडमनी ते टाइप करून लॅमिनेट केलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. शेजारी आधीच लावलेलं आहे, ‘मराठी भाषा संवर्धन पंधरवडा — माय मराठीचा जागर’. एकच टाचणी दोघांच्या कोपऱ्यांना पुरली.

खाली लेखिका म्हणून माझं नाव आहे! इंग्लंड! मी असं कुठेही लिहिलेलं नाही, हे निदान इथे नोंदवून ठेवते.

२२ जानेवारी

सोळा तारखेचं पान वाचलं आणि पुन्हा शंका आली. अर्जात नातंच चुकीचं लिहिलं असेल तर? बहिणीसाठी भावाची मुलगी ती भाचीच, हे आज चार जणांना विचारून पक्कं केलं. बरोबरच होतं. 

२४ जानेवारी

आज मोहिनी ‘वूफ’ म्हणाली. आणि मग खोकली.

२५ जानेवारी

दुपार. एकतीस जवळ आली. मोहिनीचं अजून अर्धं वूफ, अर्धे आबा. भाऊ म्हणाला, ‘तुनं ती ऐकत नही. भोंगानं ऐकस. भोंगामा वूफ भर.’

कल्पना चांगली. तिचा विश्वास भोंग्यावर. मी विचारलं, आबांचं जाईल का?   भाऊ म्हणाला, ‘मेमरी कार्ड शे ना त्यामा. जुनं बठ्ठं तसंच ऱ्हास.’ त्याने त्यावर गाणी भरलीत, ती जात नाहीत, मग हे कसं जाईल?

बाभळीवरून भोंगा काढला. लाल बटण दाबलं आणि स्वच्छ उच्चारात म्हटलं, ‘द डॉग सेज वूफ. वूफ, वूफ. व्हेरी गुड.’ मोहिनी खूश. ती भोंग्यामागून म्हणत राहिली. ठसका नाही, काही नाही. जेवणापर्यंत वूफ चोख झालं.

मी खूश होऊन दुपारीच हे लिहायला बसले आहे.

संध्याकाळ. मायने भोंगा लावला.

‘द डॉग सेज वूफ.’

मायने वात तशीच हातात धरली. पुढचं येईल म्हणून थांबली. ‘वूफ, वूफ. व्हेरी गुड.’ परत तेच. परत तेच.

‘हाई कोन शे?’ माय म्हणाली.

भाऊने सगळी बटणं दाबून पाहिली. कार्ड काढलं, पुसलं, घातलं. कार्डावर गाणी आहेत. भरलेला आवाज कार्डावर नसतोच. तो आतल्या आत एकच राहतो, नवा भरला की जुना जातो. खोक्यावर चित्र काढून दाखवलंय. खोकं फडताळात आहे. वूफसाठी मी तीन कोश पाहिले. खोकं पाहिलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. दादासाहेबांचं भाषण — ‘आपली बोली, आपले संस्कार जपा.’ टाळ्या. मी पण वाजवल्या, हात आपोआप वाजतात.

घरी सगळ्यांचे मोबाइल तपासले. भाऊचा, वहिनीचा, माझा. आबांचे फोटो आहेत — लग्नातले, बैलापाशी, एकात डोकं अर्धं कापलेलं. आवाज कुठेच नाही. गावातही विचारून आले. झिपरू नाना हसले नाहीत. म्हणाले, ‘रोज आयकू येये बेटा. रोजनं कोन जपीसन ठेवस?’

२८ जानेवारी

डुकरं आली. बांधाकडच्या दोन ओळी आडव्या. भाऊने स्वतः भुंकून भोंग्यात भरलं. त्याला लाज वाटते, म्हणून आवाज दबका येतो. झिपरू नाना म्हणाले, ‘हाई कुत्रं शिकेल दिखस.’ डुकरांचंही तेच मत पडलं असावं. बांध सोडून ती आता मधल्या ओळींत शिरली आहेत.

  मायने ताट वाढलं, तूप जरा जास्तच घातलं. शिव्या दिल्या असत्या तर मी वाद घातला असता. भाऊच म्हणाला होता, कार्ड आहे म्हणून — हे मी मनात इतक्या वेळा म्हटलंय की आता माझंच मला पटत नाही.

दिवेलागणीला ती आता भोंगा लावत नाही. भाऊ लावतो. तेवढा वेळ ती गोठ्यात जाते.

३१ जानेवारी

मुलाखत.

मला बाहेर बसवलं होतं, पालकांना टोकन द्यायला. कापड दुकानदारीणबाई पहिल्या रांगेत. धाकट्याला लॅमिनेशनचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवत होत्या, ‘इंग्लंड, बेटा, इंग्लंड.’ त्याला उगमही पाठ केला होता.

दार अर्धं उघडं होतं. मोहिनी खुर्चीवर, पाय लोंबते. दादासाहेबांनी स्वतः विचारलं, ‘व्हॉट डझ द डॉग से?’

ती दाराकडे वळली. माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? मान हलवली. ओठ गोल केले. प्रक्रियेतून दूर ठेवावे म्हणून अर्ज लिहिणारी मी!

‘वूफ,’ मोहिनी म्हणाली. ‘वूफ, वूफ. व्हेरी गुड.’

सगळे खो खो हसले. ‘कॉन्फिडन्स बघा,’ कामिनी मॅडम म्हणाल्या. ‘स्वतःच स्वतःला व्हेरी गुड!’ पूर्ण गुण.

एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. वहिनीने बाहेर येऊन माझा हात दाबला. मी म्हटलं, पुढचं टोकन.

२ फेब्रुवारी

यादी लागली. मोहिनीचं नाव तिसरं. भाऊने पेढे वाटले. झिपरू नानांनी दोन घेतले, एक कौतिकचा म्हणून.

पेढ्यांच्या भरात भाऊला सुचलं — आबा मोहिनीला येतातच की! हुबेहूब येतात. तिच्याकडून म्हणवून घेऊ, भोंग्यात भरू. आवाज बारीक, पण चाल तीच. सगळ्यांचे चेहरे उजळले. माय गोठ्यातून आली, पदराला हात पुसत, आणि उंबऱ्याशी उभी राहिली.

मोहिनीला खळ्यात उभं केलं. मीच विचारलं. मराठीत नव्हे, घरच्या बोलीत, किती वर्षांनी कोण जाणे. ‘मोहिनी, आबा कसा भुके, सांग बरं?’

तिने फ्रॉक सारखा केला. माझ्याकडे पाहिलं.

‘वूफ,’ म्हणाली.

‘तसं नही बेटा. आबा. भू भू, आनि मंग?’

ती माझ्या ओठांकडे बघत होती. परीक्षेला बसल्यासारखी, अगदी सरळ. ‘वूफ, वूफ.’ आणि मी काहीच बोलत नाही म्हणून, जरा थांबून, ‘व्हेरी गुड?’

माय पाण्याची कळशी घेऊन आत गेली.

३ फेब्रुवारी

कामिनी मॅडमनी बोलावलं. दादासाहेब माझ्यावर खूश आहेत. ऑर्डर पुढच्या वर्षीचीही निघणार. नवी जबाबदारी — नर्सरीच्या मुलांचं ‘घरचं बोलणं’ पहिल्या महिन्यात काढून टाकायचं. ‘तुम्हाला बरोबर जमतं. तुमच्या घरचंच उदाहरण आहे.’

थँक यू म्हणाले. स्पेलिंग बरोबर.

५ फेब्रुवारी

वहिनी दोन दिवस काहीतरी सांगू की नको करत होती. आज मी केस विंचरत असताना आरशात बघून म्हणाली, ‘दिपाताई, राग नका मानू. ती विसरली नाही.’

‘कोण?’

‘मोहिनी. आबांचं. तुम्ही सकाळी फाट्याकडे वळल्या की सुरू करते. ठसक्यासकट. संध्याकाळी तुमच्या चपला वाजल्या की बंद. मी विचारलं, काबरं गं? तर म्हणे, आत्यासमोर ते चुकीचं शे.’



भाऊने ऐकलं. म्हणाला, मग दिपा शाळेत गेली की मोबाइलवर घेऊ, सोपं आहे. माय चुलीपाशी होती. वळली नाही, तिथूनच म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. पोर शे ती. भोंगा नही शे.’



६ फेब्रुवारी

आज सुट्टी टाकली. घरी सांगितलं नाही. डबा घेतला, साडी नेसले, फाट्याकडे वळले, आणि बाभळीमागून परत आले. चपला हातात घेतल्या. गोठ्याच्या कुडामागे उभी राहिले. एम. ए. इंग्लिश.

भूऽ भूऽ. ठसका.

‘कोन शे रे तठे?’

आतून मायचा आवाज आला, ‘मी शे. दुसरं कोन ऱ्हाई?’

मी कुडाला धरून उभी राहिले. आठे शे, म्हणाले नाही.